दिवस शटांत जातो

मिल्टन कीन्स
३ फेब्रुवारी १९८८

ती. हेस्टरआत्यास,
मिरियमचा सा. न. वि. वि.

‘हल्ली सगळा दिवस शटांतच जातो’ हे तुझं वाक्य वाचलं आणि हातातला चहा निवून गेला. बाबा गेल्यापासून तुला माझ्याशिवाय कोण आहे? आणि तू दिवसभर दार बंद करून बसणार! आमच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. महिनाअखेरपर्यंत त्यांनी ती माझ्या शब्दावर राखून ठेवलीय. शनिवारी तुला न्यायला येते. वाद घालू नकोस.

लोभ आहेच, राग नसावा.
मिरियम

श्रूजबरी
५ फेब्रुवारी

चि. मिरियम हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं ठोंबे, श्रूजबरीत बोळाला शट म्हणतात! इथंच वाढलेल्या माझ्या भावाची, ॲम्ब्रोजची मुलगी ना तू? पाहुण्यांना गाव दाखवत बोळाबोळांतून हिंडते मी. दार बंद करून बसायला सवड कुठे आहे? तरी ये जरूर. किल्ला, दोन्ही पूल, ॲबीचं जुनं चर्च, सगळं दाखवते. मग ठरव, म्हातारीचं काय करायचं ते.

मुलांना पापे.
तुझी आत्या

मिल्टन कीन्स
८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझी बिस्किटं मुलांनी दारातच फस्त केली. बोळांतून तू अशी सुटलीस की पाहुण्यांतलं ब्रॅडफर्डहून आलेलं ते जोडपं धापा टाकायला लागलं. ‘तुमच्या आत्याबाई शर्यतीत धावायच्या का’, असं मला हळूच विचारत होतं.

पण नदीवर आलो, आणि या पायऱ्या उतरून काठाकाठानं ॲबीकडे जाऊ, असं तू म्हणालीस. आत्या, वाट होती कुठे? सेव्हर्न तिच्यावरून वाहत होती, बाकांच्या पाठीपर्यंत. तू पाऊल टाकणार तोच मी कोपर धरलं. तू ते हसण्यावारी नेलंस, चारचौघांत विचारणं बरं नव्हतं. आता विचारते. तुला दिसतं का? खरं लिही. खोली अजून आपलीच आहे.

काळजीत असलेली,
मिरियम

श्रूजबरी
११ फेब्रुवारी

चि. मिरियम हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या विनीनं वाचून दाखवलं, हेही तीच लिहितेय. नाताळपासून समोरचं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, यात सुधारणा नाही. पूर आला की नदी अगदी मुकाट असते, कानांना काही कळलं नाही, म्हणून फसले. घरी आल्यावर कळलं, मिरियम, काय होणार होतं ते. फार भ्याले.

नदीकाठ मी सोडला, तसं आमच्या गाव दाखवणाऱ्या मंडळींना सांगितलंही. पण बोळात हात पसरले की दोन्हीकडे भिंत लागते. कुठे वीट, कुठे लाकूड, हे बोटांना पाठ आहे. विनी म्हणते, रडगाणं पुरे, मुद्द्याचं सांगा. तर मुद्दा असा, की तुमच्याकडचे रस्ते इतके रुंद आहेत की हाताला काहीच लागत नाही. इथं मला दिसत नाही, एवढंच. तिथं मी आंधळी होईन.

आता तू म्हणशील तसं.
आत्या

मिल्टन कीन्स
१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोली सोडली. ईस्टरला येते. ॲबीला काठाकाठानंच जायचं. नदीच्या बाजूनं मी चालेन.

विनीताईंना नमस्कार.
तुझीच,
मिरियम