हुएतला नाताळ आणि आजोबांची तिथी

१० डिसेंबर २०२५

झाड आलं! प्लास्टिकचं, पाच फुटी. आणि ठेवलं कुठे — पूर्वजांच्या देव्हाऱ्याला खेटून. माळेतले दिवे आजोबांच्या फोटोवर उघडझाप करतात. एकदा लाल आजोबा, एकदा हिरवे आजोबा.

"तुमचा सण ना, लिडियाताई!" थोआ वहिनी म्हणाल्या. घरमालकीण त्या, पण माझा सण आला की माझ्याच अंगावर येतात. हुएत, या घरी भाडेकरू म्हणून, हा माझा चौथा नाताळ. दर वर्षी सांगते, वसईला आमच्याकडे मातीचा गोठा करतात, पेंढा अंथरतात. जो गोठ्यात जन्मला त्याच्या नावाने दुकानं लुटू नका. ऐकतंय कोण? कॉलेजात माझ्या भाषणाला दोनशे पोरं टाळ्या वाजवतात. या स्वयंपाकघरात मात्र भांड्यांचा आवाज माझ्यावर मात करतो.

१३ डिसेंबर

कपड्यांच्या दुकानात गव्हाणीच्या जागी आरसा लावलाय. बाळ येशू नाही — तिथे आपण उभं राहून फोटो काढायचा! रांग होती. थोआ वहिनींनी सात काढले.

१५ डिसेंबर

दिएम आजी — थोआ वहिनींच्या सासूबाई, हिएपदादांच्या आई — भाजी निवडताना म्हणाल्या, "पोरी, तुमचा येशू गेला कुठल्या तिथीला?"

"वसंतात. शुक्रवारी."

"मग आत्ता कसला गोंधळ? जन्माला काय, कोणीही येतं!"

चार वर्षांत ख्रिस्ती सणावर यापेक्षा नेमका हल्ला मी ऐकलेला नाही. इथे माणसाचा वाढदिवस विसरला तर चालतो, गेल्याचा दिवस विसरून चालत नाही.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाराव्या चंद्राची पाचवी. यांची तिथी. जवळ आलीय." कॅलेंडरची बारीक अक्षरं आजींना दिसत नाहीत. इथल्या चांद्र नव्या वर्षापासून चंद्र मोजतात — दर पौर्णिमेला चुलीमागे कोळशाची एक रेघ. अकरा रेघा झाल्यात. मी बोटं मोजली. वीसला अमावास्या, तिथून बारावा चंद्र सुरू — म्हणजे पाचवी चोवीसला!

"हिएपदादांना सांगितलं?"

"नाही. तूही सांगायचं नाही, शपथ आहे. बघू मुलाला बाप आठवतो का. नाही आठवला, तर मी डा-नांगला मुलीकडे जाते. कायमची."

१८ डिसेंबर

चोवीसला बारा पाहुणे. तळलेली कोंबडी, लाकडाच्या ओंडक्यासारखा केक. श्राद्धाचं अवाक्षर नाही!

हिएपदादांनी विचारलं, "सांताची टोपी लाल आणू की निळी? निळी स्वस्त आहे."

मी नुसतं पाहिलं. बोलले असते तर शपथ मोडली असती.

२१ डिसेंबर

आजींनी कापडी पिशवी भरायला घेतली. दोन सदरे, पानाचा डबा, आजोबांचा चष्मा.

२४ डिसेंबर

बोलले. शपथ मोडली आणि बोलले!

सगळे पानावर बसलेले. शेजारचे काका टोपी घालून माझ्याबरोबर फोटो काढत होते — "अस्सल ख्रिस्ती, इकडे बघा!" आजी पिशवीवर हात ठेवून कोपऱ्यात. मी उभी राहिले. खरं ते तोंडावर बोलावं, व्यासपीठ असो की जेवणाचं पान.

म्हटलं, "दोन हजार वर्षांपूर्वी परक्या गावात जन्मलेल्या पोरासाठी तुम्ही केक कापता, आणि ज्याने हे घर बांधलं त्याला त्याच्याच तिथीला दोन घास नाहीत? आज पाचवी आहे, हिएपदादा! बाप विसरलात! ज्या घरात बापाला जागा नाही, तिथे माझ्या येशूने तरी कशाला यावं?"

अजूनही बरंच बोलले. चांगलं बोलले.

हिएपदादांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग आईकडे. तोंड पडलं. थोआ वहिनी काही म्हणणार — "अहो, पण—" दादांनी त्यांना हाताने गप्प केलं. उठून आईसमोर वाकले. "चुकलो, आई."

मग केक, कोंबडी, सगळं उचलून देव्हाऱ्यावर. उदबत्ती लावली. ती विझेपर्यंत कोणी जेवायचं नाही! बारा पाहुणे टोप्या काढून बसले. केकवर राख पडली. आजींनी डोळे पुसले आणि आजोबांना म्हणाल्या, "गोड आहे. जपून खा."

२५ डिसेंबर

सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेले. जिंकल्यासारखं वाटत होतं, देव क्षमा करो. फादरांचं प्रवचन माझ्यापेक्षा पडेल होतं!

आजींनी पिशवी सोडली. चष्मा परत फोटोपुढे. शेजारपाजारी सांगत होत्या, "पोराने सगळ्यांसमोर पाय धरले माझे!"

थोआ वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. सत्य कडूच असतं.

२६ डिसेंबर

कॅलेंडरचं कालचं पान फाडलं. आजच्या पानावर बारीक अक्षरांत — अकरावा महिना, सातवी.

अकरावा!

हिएपदादा चहा ओतत होते. "यंदा सहावा महिना दोनदा आला. अधिक महिना. आईने तोही मोजला. बाबांची तिथी तेवीस जानेवारीला. आचारी केव्हाच सांगून ठेवलाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बारा माणसांसमोर? आईला?"

आजी आतून आल्या. "पोरी, आज कितवी गं?"

"सातवी, आजी," मी म्हटलं. "बाराव्या महिन्याची."