दोन बटणांची पाणबुडी

१७ फेब्रुवारी, दुपार

धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याला वेगळे पाठवत नाही, यातलेच अर्धे दे.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण आता घरात बोलणारं तेवढंच उरलंय, म्हणून ऐकून घेते. जेवतेस का म्हणून विचारलंस. जेवते. सकाळी एकदाच रांधते आणि दोनदा खाते.

‘ते धूड भंगारात घाल आणि मोकळी हो,’ असं तू पुन्हा लिहिलंस. अगं, भंगारवाला येऊन गेला. शेडमध्ये पाणबुडीभोवती फिरला, ठोकून पाहिलं आणि म्हणाला, “बाई, ह्याच्यात बसतं कोण?” मी म्हटलं, “आता कोणी नाही.” मग भाव विचारायचं राहूनच गेलं.

तू तिच्यात कधी डोकावलीसुद्धा नाहीस, म्हणून सांगते. तुझ्या भावजींनी पाण्याच्या जुन्या टाकीला वेल्डिंग करून ती केली. वेल्डर माणूस, लोखंड दिसलं की हात शिवशिवायचे. वायरिंगच्या नावाने मात्र आनंदीआनंद. ते माझ्याकडे. उभा जन्म लिफ्टच्या कारखान्यात पॅनेल जोडण्यात गेला, तो कुठेतरी कामी यायला हवा होता. गोदामातल्या बॅटरीगाडीची मोटार मी बसवली. बॅटऱ्या एकीमागे एक जोडल्या की पाणबुडीचा मागचा पंखा जोरात फिरतो, शेजारीशेजारी जोडल्या की सावकाश. ह्यांना नेहमी जोरातच हवा असायचा.

आणि एकट्याने बुडी मारायची भारी खुमखुमी. मी कामावर गेले की हे गुपचूप खाणीच्या तळ्यात उतरतील, ही माझी धास्ती. समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी लिफ्टचीच युक्ती केली. लिफ्टमध्ये सगळ्या दारांचे स्विच एकाच वायरीत ओवलेले असतात. एक दार उघडं राहिलं तरी लिफ्ट जागची हलत नाही. तशी मी दोन बटणं ओवली, एक पुढच्या सीटपाशी, एक मागच्या. दोन्ही दाबून धरली तरच मोटार चालणार. कोणी एकाने अंगठा उचलला की बंद. मधे अंतर इतकं, की एका माणसाचे हात पुरू नयेत.

हे दोन दिवस फुगून बसले. “पाण्याखालीसुद्धा बायकोची परवानगी,” म्हणाले. पण नंतर आम्ही दर रविवारी जायचो. सुकाणू पुढे, म्हणून ते पुढे. मी मागे. मला त्यांची मान तेवढी दिसायची. मोटारीच्या घरघरीत बोललेलं ऐकू यायचं नाही, त्यामुळे भांडणही व्हायचं नाही. माझ्या संसारातला सगळ्यात सुखाचा वेळ मी एका माणसाच्या मानेकडे बघत काढला, असं म्हण हवं तर.

ते गेले आणि माझी युक्ती माझ्यावरच उलटली.

शेजारचे लेथवाले म्हणाले, “ताई, एका बटणाला जम्पर टाका की, पाच मिनिटांचं काम.” म्हणजे बटणाच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडायचा. मग ते बटण दाबलेलंच आहे असं मोटारीला वाटतं. खरं आहे, पाच मिनिटांचंच काम. पण सुरक्षेच्या स्विचवर जम्पर टाकणाऱ्यांना मी कारखान्यात असं फैलावर घ्यायची की जेवणाच्या सुटीत कोणी माझ्याजवळ बसायचं नाही.

गेल्या रविवारी मी तोच टाकला.

लेथवाल्यांनी पाणबुडी तळ्यात सोडायला मदत केली. तिला बांधलेला दोर काठावरच्या कप्पीवरून घेतला. काठापासून आतपर्यंत घंटीची वायर मी ओढली होती. त्यांनी वाजवली की मी उलट वाजवायची, म्हणजे बरी आहे. झाकण लावलं, खाली गेले, बटण दाबलं, मोटार सुरू झाली. आणि मग लक्षात आलं, मी मागे बसले होते. जम्पर मागच्या बटणाला टाकून पुढे बसायचं, तर मी सवयीने पुढच्याला टाकला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. सुकाणूपाशी कोणीच नाही. समोर रिकामी सीट, आणि पाणबुडी चाललीये आपली सरळ.

हसलीस तर हस. मीही हसले. मग रडले, आणि तेही मोटारीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते लिहिते. घंटी वाजली. मला स्वच्छ ऐकू आली. घंटीचं माझं बटण हाताशी होतं. मी दाबलं नाही. परत वाजली, परत नाही. मोटारीवरचा अंगठाही मी उचलला नाही. दोर ताणला गेलेला कळत होता. वर जावं असं मला वाटतच नव्हतं, धाकटे. भीती नाही, दुःख नाही. तिथे बरं वाटत होतं, एवढंच. लेथवाल्यांनी कप्पीने ओढून काढलं तेव्हा ते घामाने निथळत होते. घंटीच्या वायरीत पाणी शिरलं असेल, असं मी सांगितलं. माझ्या वायरीत पाणी शिरेल यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

भीती मला घरी आल्यावर वाटली. आधी जम्पर काढला. तो परत टाकायला मला पाच मिनिटंच लागतात, हे तुला माहीत असावं म्हणून हे पत्र.

तू ये. तुला बंद खोलीतसुद्धा घुसमटतं, तेव्हा पाणबुडीत बस म्हणत नाही. भंगारवाल्याला बोलवायचं ठरवलंस तरी मी अडवणार नाही, पण ते तू इथे येऊन ठरव. चार दिवस राहा. नवऱ्याला सांग, अक्काचा गुडघा धरलाय. त्याला एवढं पुरे.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी मी तुला ‘काळजी करू नकोस’ असं लिहीत आले. या खेपेला ते लिहीत नाही. कर.

तुझी,
अक्का