मिक्सर चालू असताना

आई, काल मी एका नटीला तुझ्या वाट्याचा मार खायला लावला. शिकागोतल्या स्टुडिओत, लाकडी फळ्यांच्या खोट्या स्वयंपाकघरात, दुपारच्या जेवणाआधी.

माझा धंदा तुला कधी आवडला नाही. विलायतेत टीव्हीसाठी मी आयुष्यभर खून लिहिले. माणसं गळा आवळून मारली, इस्त्रीने मारली, एका पाद्र्याला त्याच्याच चर्चच्या जिन्यावरून ढकललं. पण घाव कधी दाखवला नाही. स्वयंपाकघराचं दार लागायचं, आत मिक्सर सुरू व्हायचा, आणि कॅमेरा बाहेर गालिच्यावर अभ्यास करणाऱ्या मुलीवर थांबायचा. मिक्सर थांबला की आत कुणीतरी मेलेलं असायचं. समीक्षकांनी त्याला संयम म्हटलं, बक्षिसं दिली. मालिकेचा पहिला भाग लागला तेव्हा आपण तिघं सोफ्यावर होतो. बाबा म्हणाले, "आवाजाचा वापर फार छान केलायस." खरोखर कौतुकाने म्हणाले. तू टीव्हीकडे बघत एवढंच म्हणालीस, "इतका वेळ चालवला तर मोटर जळते गं."

बाबा विलायतेतल्या आपल्या गावाचे डॉक्टर. पेशंटशी इतके मऊ, की इंग्रज म्हाताऱ्या नाताळला केक आणून द्यायच्या. घरी मात्र आमटीत मीठ कमी पडलं, तू फोनवर जास्त बोललीस, काहीही पुरायचं. ते खुर्ची मागे सारायचे. तू मला म्हणायचीस, "बाहेर जा, अभ्यास कर." दार लावायचीस आणि मिक्सर सुरू करायचीस. मी गालिच्यावर बसलेली असते. घरघरीखालून भिंतीवर काहीतरी आदळतं, ते कानांना नाही, पण तळपायांना कळतं. मग दार उघडतं. तुझा ओठ फाटलेला. एकदा एका मुठीत दात होता, आणि दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी. "चला, पानं घेतलीत." आणि बाबा हात धुऊन, शस्त्रक्रियेनंतर धुतात तसे कोपरापर्यंत धुऊन, जेवायला बसायचे.

तीच मालिका आता अमेरिकेत नव्याने होते आहे. निर्माती कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला वाढलेली, माझ्या निम्म्या वयाची मराठी मुलगी. मला मावशी म्हणते आणि मावशी म्हणून काही सोडत नाही.

"मावशी, धिस टाइम दार ओपन करूया. ऑडियन्सला आत बघायचंय."

"प्रेक्षकांना पुष्कळ काही बघायचं असतं."

"यार मावशी, फॉर्टी इयर्स तुम्ही त्या कार्पेटवर बसलाय. बोअर नाही होत?"

मी ठाम राहिले. मग तिने, अगदी गोड आवाजात, सांगितलं की तेवढा प्रसंग ती दुसऱ्या लेखकाकडून लिहून घेईल. ते मला चालणार नव्हतं. परक्या माणसाने तुला एक तर रडूबाई केलं असतं, नाहीतर हातात सुरी दिली असती. तुझं स्वयंपाकघर मी कुणाच्या हाती देणार नव्हते. लिहिलं.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून मिक्सर आणला. सामान बघणाऱ्यांना मी बजावलं, बटण दाबून धरलं तरच चालला पाहिजे, बोट काढलं की बंद. आपला तसाच होता, खटका बिघडलेला, आणि बाबा तो दुरुस्तीला नेऊ द्यायचे नाहीत. बारकावे जपायची मला शिस्त आहे, म्हणून सांगितलं. दुसरं काही मनात नव्हतं.

तालमीला नटी बटण दाबून उभी राहिली. नवऱ्याचं काम करणाऱ्याने हात उगारला. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. मिक्सर बंद पडला.

"असू दे," दिग्दर्शक म्हणाला, "आवाज मागाहून भरू."

मी म्हणाले, "नाही. आवाज तुटायचा नाही. तो कधी तुटला नव्हता."

नटीने माझ्याकडे वळून विचारलं, "मग मी तोंड कशाने झाकायचं?"

आई, इतके खून लिहिले, प्रत्येकात मारणारा कुठे उभा होता ते कागदावर आखून घेतलं, पण आत तो मिक्सर कोण चालवत होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तुझं डोकं फडताळावर आपटत होतं तेव्हा तुझं बोट बटणावर होतं. दात पडला तेव्हाही. घरघर एकदाही थांबली नाही, कारण बाहेर मी होते.

मी नटीला सांगितलं, "झाकायचं नाही. डावं कोपर वर घेता येईल, तेवढंच." तिने तसं केलं. त्याचे फटके खोटे होते, अंगाला लागतही नव्हते, तरी निर्माती मॉनिटरसमोरून उठली आणि म्हणाली, "ओके, स्टॉप. स्टॉप इट." ते सांगणं तिचं काम नव्हतं. नंतर गाडीपाशी ती माझ्याजवळ आली. या वेळी "यार" नव्हतं.

"मावशी, दार बंदच ठेवूया का?"

"नाही," मी म्हणाले. "आता उघडंच राहील."

हे पत्र कुठे टपालात टाकायचं नाही, घडी घालून संहितेत ठेवते. एक सांगायचं राहिलं. मिक्सर जितका जास्त चालायचा, तितकं शेंगदाण्याला तेल सुटायचं. तसली तेल सुटलेली चटणी मला फार आवडायची. मी पुन्हा मागून घ्यायचे, आणि तू वाढायचीस.