चौदा मजल्यांतलं एक पान

२१ एप्रिल

जुन्या इमारतीच्या आठवणीची पाटी लावणार नाहीत म्हणे! १८९२ची चौदा मजली इमारत होती त्या जागी, आता ह्या कंपनीचा काचेचा टॉवर उभा राहतोय. मालक कंपनीची बाई गोड हसून म्हणाली, नुसत्या आठवणीचं काय लावणार? अस्सल तुकडा आणा, लॉबीत मानाने ठेवू. नऊ मेपर्यंत.

आणते. बघतेच!

२४ एप्रिल

फ्रिजवर जुना फोटो लावला — त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरचं भाजक्या मातीचं ओकचं पान. केया म्हणाली, "आई, इट्स अ डेड बिल्डिंग." चिडलेच लेकीवर. अगं, तेव्हा लोक आत शिरायला घाबरायचे! सगळा भार पोलादी सांगाड्यावर, भिंत नुसती बाहेरून अडकवलेली. आज उंच बिल्डिंगा तशाच बांधतात, माझी इंजिनिअरची नोकरी त्यावरच चालते. आणि बाहत्तर साली पाडली कशासाठी? पार्किंगसाठी!

२९ एप्रिल

म्युझियम, भंगारवाले, अँटिकची दुकानं — सगळीकडे फोन केले. काही नाही. सोडणार नाही.

३ मे

बुद्धपौर्णिमा आली, म्हणून आपल्या देशी दुकानांच्या डेव्हन रस्त्यामागे कमलाकाकूंकडे गेलो, अंगणातल्या बुद्धमूर्तीचा चौथरा रंगवायला. दरवर्षी पांढरा हात मारतो. गेल्या वर्षी मीच मारला होता. यंदा पोपडे फार, म्हणून केयाला खरवडायला बसवलं. एकदम ओरडली, "आई! युअर लीफ!"

तेच पान! आम्हीच सगळ्यांनी मिळून रंगाखाली गाडलेलं. आणि दरवर्षी त्याच्याचसमोर बसून वंदना घेतेय मी, शहाणी!

काकू म्हणाल्या, "हे अमेरिकेत नवीन आले तेव्हा कुठलीशी बिल्डिंग पाडत होते, तिथून हा तुकडा मागून आणला. म्हणाले, भगवंतांना बसायला जागा नको का?" लहूकाका जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना विचारायचं कधी सुचलंच नाही.

५ मे

धीर करून काकूंकडे तुकडा मागितला. "ने की गं! भगवंत जमिनीवरही बसतील. ह्यांना अभिमानच वाटला असता." वर भरल्या वांग्यांचा डबा दिला. गाडीत रडू आलं. जिंकले की मी, मग रडायचं काय त्यात?

शुक्रवारी सकाळी मूर्ती हलवायची.

९ मे

मूर्तीला हात लावला आणि थांबले. ऐंशी वर्षं ते पान त्या इमारतीवर नुसतं अडकवलेलं होतं. भार पहिल्यांदा इथे उचललाय. मालकांना कळवून टाकलं — तुकडा सापडला, पण कामावर आहे, मिळणार नाही. पाटी काकूंच्या अंगणात लावतेय मी.