नखले तळघरातून का निघाला

साओ पाउलो, २ ऑगस्ट १९९२

ती. अफाफताईस,
धाकट्या जल्फाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. एकटी बालबेकला जाणार म्हणतेस! लढाई संपली, रस्ते उघडले, सगळं खरं. पण पन्नाशी उलटलेल्या बाईनं अनोळखी माणसांबरोबर टॅक्सीत दाटीवाटीनं बसून डोंगर ओलांडायचा? रोमनांची देवळं इतकी वर्षं उभी आहेत, आणखी चार महिने थांबतील. डिसेंबरात मी येते, मग दोघी जाऊ. आमच्या ह्यांना, इलियासना, सांगितलं तर हसून म्हणाले, तुझ्या ताईला अडवणारा अजून जन्मायचाय.

तू देवळं बघायला जात नाहीस, हे मला कळतं. आपला भाऊ नखले तिथे प्रवाशांना ती दाखवायचा आणि नऊ वर्षांपूर्वी तिकडून घरी येतानाच नाहीसा झाला. आता तिथे कोणाला काय विचारणार आहेस, ताई? गुडघ्याला पट्टा बांध आणि परतल्याबरोबर कळव.

रागव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी जल्फा

बैरूत, २९ ऑगस्ट

चि. जल्फास अनेक आशीर्वाद.

गेले आणि धडधाकट परत आले. टॅक्सीत शेजारणीची कोंबडी घाटभर माझ्या मांडीवर होती. प्रत्येक नाक्यावर शिपाई विचारायचा, बाई, एकट्याच? मी म्हणायचे, शाळेत भूगोल शिकवते बाबा, पोरांना न बघितलेलं किती दिवस सांगू? चौथ्या नाक्यावरच्यानं तर लिबियाची राजधानी विचारून माझीच परीक्षा घेतली.

ते सहा खांब मान दुखेपर्यंत पाहिले. शेजारच्या देवळाच्या चौकटीवर द्राक्षांचे वेल कोरलेत. तिथे बोट फिरवत उभी होते, तर म्हातारा पहारेकरी अबू हुसैन जवळ आला. माझं नाक पाहून म्हणाला, तू नखलेची बहीण ना? फ्रेंच बायकांना नखले कसा थापा मारायचा, हे सांगताना हसत होता, आणि मधेच डोळे पुसत होता. गावात गोळीबार सुरू झाला तेव्हा नखले जाहले गावाजवळच्या द्राक्षाच्या दारूच्या जुन्या कारखान्यात गेला होता, तिथल्या तौफीकला विचार, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिथे गेले. टेकडीच्या पोटात रोमनांनी खोदलेली भुयारं आहेत, त्यांतच पिंपं ठेवतात. भर उन्हाळ्यात आत शालीशिवाय उभं राहवेना. पिंपांची देखभाल अजून तौफीकच करतो. नखलेला त्यानं तिथे एकोणीस दिवस लपवलं होतं. पिंपांच्या मधे झोपायचा, पत्त्यांत रोज हरायचा आणि रोज भांडायचा. मग एका सकाळी निघाला. घाटातल्या नाक्यावर त्याला गाडीतून उतरवलं, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. पुढचं कोणालाच ठाऊक नाही.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझी अफाफ

साओ पाउलो, २१ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोंबडीवर चार ओळी लिहिल्यास, आणि नखले निघाला ह्यावर एक. एकोणीस दिवस सुखरूप असलेला माणूस गोळीबार चालू असताना बाहेर का पडला, हे तू लिहिलं नाहीस. तू विचारलं नसशील असं होणार नाही.

मग मीच लिहिते. त्या सप्टेंबरात बैरूतच्या घरी माझा साखरपुडा होता. मी त्याला लिहिलं होतं, भाऊ समोर नसेल तर अंगठी घालणार नाही, ये नाहीतर लग्न मोडलं समज. पत्र बालबेकच्या पत्त्यावर गेलं, त्याला मिळालंच नसेल, अशी मी नऊ वर्षं मनाची समजूत घालतेय. इलियासनाही हे माहीत नाही. मिळालं होतं का, ताई? मला जपायचं म्हणून खोटं लिहू नकोस.

जल्फा

बैरूत, १० ऑक्टोबर

चि. जल्फास आशीर्वाद.

मिळालं होतं. अबू हुसैननं ते तळघरात पोचवलं. नखलेनं ते तौफीकला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसत म्हणाला, काका, ही पोरगी भारी हट्टी, खरंच अंगठी घालायची नाही. वस्तरा मागून दाढी केली, तौफीकचा पांढरा सदरा अंगात चढवला. पत्र मात्र तिथेच विसरला. तौफीकनं ते जपून ठेवलं होतं. आता माझ्यासमोर आहे.

जल्फा, ते पाकीट मी चिकटवलं होतं. तू माझ्या हाती देऊन आत गेलीस, तेव्हा तुझ्या सहीखाली मी दोन ओळी लिहिल्या. तू त्या कधीच पाहिल्या नाहीस. "नखले, रस्ता उघडलाय, माणसं ये-जा करताहेत. बिनघोर ये." भाजीवाला तसं म्हणाला होता. मी दुसऱ्या कोणालाही विचारलं नाही. ह्या ओळी त्याच्यापर्यंत पोचल्या का, हेच विचारायला मी गेले होते, आणि म्हणून तू बरोबर नको होतीस.

घाट बंद आहे म्हणून तौफीक दाराशी आडवा उभा राहिला. तेव्हा नखलेनं तुझ्या मजकुरावर बोट ठेवलं नाही. माझ्या ओळींवर ठेवलं. म्हणाला, माझी ताई खात्री केल्याशिवाय लिहीत नाही.

काय म्हणायचं ते म्हण, पण पत्र बंद करू नकोस.
अफाफ