फाइन म्हणजे छान

२९ ऑक्टोबर १९८१, पोलादपूर
नीला सुटीत आली. ट्रंकेत कपडे कमी, इटालियन शब्द जास्त! नऊ तारखेला पाचगणीच्या शाळेत विलायती संगीताची परीक्षा — थोडी तोंडी, बाकी पियानोवर. मागच्या वेळी आपटली. आता पुन्हा नापास, तर फुकट शिक्षणाची जागा गेली. मग पंचायत समितीत प्रत्येक टेबल विचारणार, "काय महादूराव, पोरगी घाट उतरली का?"

३० ऑक्टोबर
शिकवणी मीच घेतो. सूर कळत नाही, पण शब्दांना मी कधी भ्यालोय? फोर्ते — मोठ्याने. फोडा! लेंतो — सावकाश. लोळत या! दा कापो — पुन्हा पहिल्यापासून. कापडे गावच्या सासुरवाडीला स्मरून सांगितलं, "भात कापो, की पुन्हा पेरणीपासून सुरू!" नीला हसली. आल्यापासून पहिल्यांदा.
घरात पियानो कुठला! चुलीजवळच्या पाटावर बोटं नाचवते. माझी बायको मंजुळा म्हणते, "काय गो, आवाज नाय न् काय नाय, नुसता पाट झिजवतेस!"

३१ ऑक्टोबर
तिच्या वाजवायच्या पानावर शेवटी दा कापो, आणि मधेच छापलंय — फाइन. चला, एक तरी शब्द आपल्या इंग्रजीतला! सांगितलं, "फाइन म्हणजे छान. इथवर छान वाजवलंस, असं म्हणतायत. थांबायचं नाही, पुढे चालू ठेवायचं."
नीलाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बरं, बाबा."

२ नोव्हेंबर
'रेस्ट' नावाची एक खूण असते. तिथे गप्प बसायचं, पण मनात मोजत. नीला म्हणाली, "हे मला न शिकवता येतं. जेवणघरात माझ्या टेबलावर कुणी बसत नाही, तेव्हा मी तेच करते."
वा! जीभ बापाची! ऑफिसात दोघांना ऐकवलं. पोट धरून हसले.

४ नोव्हेंबर
तिला गाडीत बसवलं. खिडकीतून विचारते, "नापास झाले तर रागवाल?" म्हटलं, "नापासाचं नाव काढू नको." गाडी सुटली. तिने हात हलवला नाही.

८ नोव्हेंबर, रविवार
कामाला महाडला गेलो होतो. शहाणपणाची खाज — वाचनालयातला जाडा शब्दकोश उघडला. मेलो! स्पेलिंग तेच, पण इटालियनमध्ये म्हणतात फीने. अर्थ: समाप्त! दा कापोवरून पुन्हा पहिल्याकडे यायचं आणि फीनेवर थांबायचं. आणि मी सांगितलं, थांबायचं नाही! म्हणजे पोर घाण्याच्या बैलासारखी फिरतच राहणार. पोस्ट बंद, ट्रंक कॉल कुठून लावू? उद्याची पहिली गाडी. मंजुळाला काही बोललो नाही.

९ नोव्हेंबर
आयुष्यात एवढी लेंतो एसटी पाहिली नाही. पोचलो तर परीक्षेच्या खोलीचं दार बंद, आत धून चालू. संपते, की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पुन्हा! शेवटी आतून संगीताच्या मिस ओरडल्या, "स्टॉप, नीला! स्टॉप!"
जागा गेली. मिस म्हणाल्या, हवं तर ट्रंक आजच न्या. गावभर सगळ्यांना टोचणाऱ्या माझ्या जिभेने अखेर घरचीच पोर खाल्ली.

१० नोव्हेंबर
काल येताना गाडीत तिला सगळं सांगितलं. चुकलो म्हटलं. फाइन नव्हे, फीने. म्हणजे शेवट.
ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माहीत होतं मला, बाबा. जूनमध्येच मिसनी शिकवलं होतं."
घाट उतरेपर्यंत मी गप्प. मनात मोजत.