चित्रातलं गोंदण

माय,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. पपांच्या जर्मनीतल्या घरात लई ऊब आहे, पोटभर जेवते. काळजी नको. चिकलठाण्यात नळाला पाणी आलं का? गुडघे कसे आहेत?

आरशात बघून मी माझं चित्र काढते, पण रंग वाळला की चेहरा भिंतीवरच्या फोटोतल्या, पपांच्या मेलेल्या आईचा होतो. म्हणून काल चित्रातल्या हनुवटीवर तुझ्यासारखे तीन हिरवे ठिपके काढले. तवापासून ती माझ्याकडं तुझ्यासारखी बघते.

आपल्या भिल्लांत गोंदण नसलं तर मेल्यावर आपली माणसं वळखत नाहीत, असं तू म्हणायचीस. पपांनी मला गोंदू दिलं नाही.

आता त्या जर्मन म्हातारीला तुझी माणसं वळखतील. मला कोण वळखंल गं?

तुझी लेक,
हेली